डॉक्टर म्हणाले, तिखट बंद

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक भाऊ गेल्या पावसाळ्यात सरकारी दवाखान्यातून घरी आले. वय बेचाळीस, काम मजूर अड्ड्यावरचं. डांबरासारखी काळी शौच होत होती, त्यातच चक्कर येऊन पडले म्हणून नातेवाइकांनी दाखल केलं. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात अल्सर, म्हणजे जखम. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहिलेली होती : तिखट, मसालेदार बंद.

पंधरा दिवसांनी आम्ही घरी गेलो, तेव्हा वहिनी एकाच शेगडीवर दुसऱ्यांदा स्वयंपाकाला बसल्या होत्या. आधी चार जणांचं कालवण झालेलं. आता भावांसाठी दुधी उकडायचा, त्यात मीठ आणि चिमूटभर हळद. ताट पुढे आलं की भाऊ दोन घास खाणार आणि सरकवून देणार. वजन चार किलोंनी उतरलेलं. रात्री सगळे झोपले की उठून डब्यातला ठेचा आणि शिळी भाकरी खायचे, आणि सकाळी त्यावरून घरात भांडण.

वहिनी म्हणाल्या, “सिस्टर, तिखट बंद म्हनले. पन चालू काय ठेवायचं ते कुनीच सांगितलं न्हाई.”

हे वाक्य आम्हाला लागलं. कारण वॉर्डात ड्युटी करत असताना हीच ओळ आम्ही शेकडो वेळा म्हटलेली आहे. बेड रिकामा करायची घाई, दारात दुसरा पेशंट उभा. गोळ्या समजावायच्या, तारीख सांगायची आणि शेवटी, “मसाला-तिखट बंद हं.” नातेवाईक मान डोलवायचे. घरी एक खोली, एक शेगडी, सहा माणसं, आणि कमावणारीच स्वयंपाक करणारी. त्या घरात या ओळीचं काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागलो तेव्हा दिसलं.

याच प्रश्नावर मग विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत दोनदा बोलणं झालं. एकीच्या सासूला बीपी, एकीचा मुलगा दहा महिन्यांचा, एकीला मूळव्याध. प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगितलेलं, तिखट बंद. या पानावर ते बोलणं मांडतो आहोत.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. दवाखान्यात काही जण नाक मुरडून म्हणतात, “तुम्ही लोक फार तिखट खाता.” आम्ही हे पांढऱ्या गणवेशात उभ्या राहून ऐकलं आहे आणि गप्प बसलो आहोत. तिखट खाण्यामागे जिभेचे चोचले नसतात, हिशोब असतो. डाळ महाग, भाजी महाग, तेल महाग. ज्वारीची कोरडी भाकरी घशाखाली उतरायची तर सोबत काहीतरी हवं, आणि सगळ्यात स्वस्त ते काहीतरी म्हणजे मिरची, मीठ, लसूण. कांदा बुक्कीनं फोडायचा, तिखट-मीठ पाण्यात कालवायचं, भाकरी बुडवायची. आपल्या आज्यांनी शेतावर आणि खडी फोडायला जाताना हेच फडक्यात बांधून नेलं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या अशा खाण्याची नोंद करून ठेवली आहे.

म्हणून नुसती मिरची काढून घेतली की ताटात भोक पडतं. चिमूटभर तिखट गेलं तर त्याच्याबरोबर एक भाकरीही जाते, कारण ती उतरतच नाही. आमच्या भावांचं वजन असंच उतरलं. तिखट कमी करायचं असेल तर त्या जागी काय ठेवायचं, हे त्याच दिवशी ठरवावं लागतं.

आता अल्सरचं खरं कारण. मिरची खाल्ल्यानं जठरात अल्सर होतो, असं बहुतेक सगळे धरून चालतात. पूर्वी डॉक्टरसुद्धा तिखट आणि काळजी यांनाच दोष द्यायचे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांना जठरात राहणारा एक जंतू सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. बहुतेक अल्सरमागे तोच असतो, हे पटवून देताना लोक ऐकेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जंतूवर औषध आहे. जंतू मारणाऱ्या गोळ्या आणि सोबत आम्ल कमी करणारी गोळी, बहुधा १४ दिवस. हा कोर्स मध्येच सोडायचा नाही. बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी थांबणारे आम्ही खूप पाहिले.

अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या वस्तीत घरोघरी आहे. अंगदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. दिवसभर सिमेंटची पाटी उचलल्यावर कंबर धरते, मेडिकलवाला दोन गोळ्या सुट्या कापून देतो, आणि त्या चहाबरोबर रिकाम्या पोटी जातात. आम्ही भावांना विचारलं तेव्हा कळलं, तीन वर्षं जवळजवळ रोज एक. कधी दोन. दवाखान्यात हे त्यांना कुणी विचारलं नसावं, किंवा विचारलं आणि त्यांनी सांगितलं नसावं. घरात मात्र सगळा राग मिरचीच्या डब्यावर. डबा माळ्यावर गेला आणि गोळ्यांची पट्टी खिशातच राहिली.

हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, आधी विचारा. बाकी अंगदुखीची गोळी रोज लागत असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा. काळी, चिकट, घाण वासाची शौच किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली तर रात्र काढायची नाही, लगेच दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि चक्कर येत नाही. शंका असेल तर दाखवून घ्यावं.

मग तिखट खाल्लं तरी चालेल का? जखम ओली असेपर्यंत तिखट झोंबतं, म्हणून तेवढे आठवडे ते अगदी कमी ठेवावं. जन्मभर दुधी खाण्याची शिक्षा मात्र कुणाला नाही. छातीत जळजळ होणाऱ्यांनी मिरचीइतकंच तेलाच्या तर्रीकडे, तंबाखूकडे, दारूकडे आणि जेवून लगेच आडवं होण्याकडे बघावं. खोलीत जागा नसते, जेवण आणि अंथरूण एकाच ठिकाणी, हे आम्हाला माहीत आहे. तरी तासभर भिंतीला टेकून बसलं तरी फरक पडतो.

आता कालवणाकडे. मसाला म्हणून आपण जे टाकतो ते भांड्यात चार वेगवेगळी कामं करतं. तिखटपणा देतं, रंग देतं, वास-चव देतं आणि रश्श्याला दाटपणा देतं. आपण एकाच चमच्यातून चारही टाकतो, म्हणून तिखट काढायला गेलो की सगळंच निघून जातं आणि उरतं ते आजाऱ्याचं पाणी. कामं वेगळी केली की तिखट खाली आणता येतं आणि बाकीची तीन जागेवर राहतात.

मिरचीतला तिखटपणा हा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्याचा. ते सगळ्यात जास्त असतं आतल्या पांढऱ्या गाभ्यात, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. बिया स्वतः फारशा तिखट नसतात, गाभ्याला लागून असतात म्हणून झोंबतात. मिरची उभी चिरून चमच्याच्या दांड्यानं हा गाभा खरवडून टाकला की हिरव्या मिरचीचाही वास राहतो आणि जाळ बराच उतरतो. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तोंड भाजल्यावर पाण्यानं भागत नाही, दूध-ताकानं भागतं. आणि म्हणूनच रश्श्यात सगळ्यात तिखट असते ती वरची लाल तर्री. आजारी माणसाला वाढताना डावानं तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घ्या. एवढं केलं तरी त्याच भांड्यातलं कालवण बरंच सौम्य होतं. मिरच्या चिरल्यावर हात चुरचुरतात तेव्हाही आधी तेल चोळावं, मग साबण लावावा.

रंगासाठी तिखट मिरची लागत नाही. ब्याडगी मिरची लांब, सुरकुतलेली, गडद लाल असते, रंग भरपूर देते आणि तिखट कमी. काश्मिरीचंही तसंच. लवंगी, गुंटूर, संकेश्वरी या तिखटाच्या. आपण वर्षाचा मसाला करताना स्वस्त म्हणून सगळी तिखटच मिरची घेतो आणि मग रंग येत नाही म्हणून आणखी घालतो. त्यापेक्षा किलोभर मिरचीत तीन पाव ब्याडगी आणि एक पाव लवंगी धरा. ब्याडगी किलोला महाग पडते, खरं आहे, पण रंगासाठी लागते थोडी. ज्यांना मसाला बदलणं जमणार नाही त्यांनी चार-पाच ब्याडग्या बिया-गाभा काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्या आणि लसणाबरोबर वाटाव्या. एका वेळच्या कालवणाला तो गोळा पुरतो. तेलात चांगला शिजवलेला टोमॅटो आणि लालसर परतलेला कांदाही रंगाला मदत करतो. बाजारात खायचा रंग म्हणून पुडी मिळते, ती घरात आणू नका.

एक मात्र सांगितलं पाहिजे. पुष्कळ बाया लाल तिखट बंद करतात आणि त्या जागी मिरेपूड घालतात, “मिरं औषधी असतं” म्हणून. आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून, अमेरिकेकडून. त्याआधी तिखटाला मिरे, पिंपळी, आलं हेच होतं, आणि मिरचीचं नावही मिऱ्यावरूनच पडलं. म्हणजे मिरेही तिखटच. ओल्या अल्सरवर तेही झोंबतं. सर्दीला ठीक, अल्सरच्या माणसाला जपून.

वास आणि चव हा सगळ्यात मोकळा भाग. इथे जिऱ्या-धन्याला तोड नाही, आणि खड्या मसाल्यातले ते त्यातल्या त्यात परवडणारे. धने कोरडे भाजायचे, वास सुटला की उतरवायचे. करपले की कडू. लसूण ठेचून पाच मिनिटं ठेवा, मग फोडणीत टाका. कांदा शेगडीच्या आचेवर अख्खा भाजून वाटला तर मटणाच्या रश्श्याची आठवण येते. कोथिंबिरीचे देठ फेकू नका, वाटणात घाला, पानापेक्षा वास जास्त. कढीपत्ता, हिंग, ओव्याची चिमूट.

महाग मसाल्यांचं काय? एखादा नसला तरी अडत नाही. चक्रफूल नसेल तर बडीशेप भाजून घाला, दोघांचा वास एकाच जातीचा. दालचिनी नसेल तर तमालपत्र दोन पानं जास्त, तेही त्याच कुळातलं झाड. खसखस आजकाल हात लावू देत नाही, तिच्या जागी पांढरे तीळ किंवा डाळवं. खोबरं परवडत नसेल तर तीळ, कारळं किंवा शेंगदाणे थोडे जास्त काळपट भाजून वाटा. दगडफूल, नागकेशर, जायपत्री घातली तर मसाला घमघमतो, नाही घातली तर कुणी उपाशी राहत नाही. दुकानदार “वर्षाच्या मसाल्याचं सामान” म्हणून बावीस पुड्या बांधून देतो, त्यातल्या निम्म्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात. धने, जिरे, तीळ, बडीशेप, तमालपत्र, थोडी लवंग-दालचिनी, हळकुंड, हिंग. एवढ्यावर आमचा मसाला दहा वर्षं चालला आहे.

आंबटपणा विसरायचा नाही. तिखट आणि मीठ दोन्ही कमी केल्यावर कालवण जे सपक लागतं, त्याला चिंचेचा कोळ, दोन आमसुलं किंवा वरून पिळलेलं लिंबू उभं करतं. अल्सर किंवा जळजळ असलेल्यांनी हे अगदी थोडं घ्यावं, बीपीवाल्यांनी मात्र यावरच भर द्यावा.

चौथं काम दाटपणाचं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्यावर. पातळ लाल रस्सा दोन वाट्या प्यायला तरी पोटात डाळीचा दाणा जात नाही. मराठवाड्यातल्या बायांना येसर माहीत आहे. ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने वगैरे भाजून दळून ठेवतात, ऐन वेळी चमचाभर पाण्यात कालवून रश्श्याला लावतात. तिखट कमी करा आणि येसर वाढवा. विदर्भातल्या बाया जवसाची चटणी करतात, खानदेशात शेंगदाण्याचं कूट सढळ असतं, तेही चालेल. दाणे, जवस, कारळं, डाळवं यांनी रश्श्याला अंगही येतं आणि अंगाला ताकदही. कोरड्या लाल चटणीतसुद्धा हे करता येतं. एक वाटी भाजलेले शेंगदाणे, पाव वाटी तीळ, सात-आठ लसूण पाकळ्या, एक चमचा ब्याडगीचं तिखट, अर्धा चमचा मीठ, जिरं. भाकरीला ही चटणी लावली तर मिरचीच्या ठेच्यापेक्षा पोटभर होते.

आमच्या वहिनींना दोनदा रांधण्यातून सोडवायचं होतं, म्हणून आम्ही त्यांच्यासोबत बसून एका भांड्याची रीत बसवली. तेलात जिरं, लसूण, कांदा, हळद, धनेपूड, टोमॅटो, मग डाळ किंवा भाजी, येसर आणि मीठ कमी. तिखट अजिबात नाही. शिजलं की लहान मुलीचं आणि भावांचं काढून ठेवायचं. मग पळीत चमचाभर तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, तेलाचा जोर किंचित उतरला की त्यात तिखट टाकायचं आणि ती लाल फोडणी उरलेल्या भांड्यावर ओतायची. कडकडीत तेलात तिखट टाकलं तर ते काळं पडतं आणि घरभर खकाणा. दहा बाय दहाच्या खोलीत, एकच खिडकी, त्यात दम्याचं लेकरू असेल तर हा खकाणा रात्रभर खोकायला लावतो. तिखट तेलात टाकताना दार उघडं, लेकरू बाहेर.

पहिल्या दिवशी भावांनी वाटी हुंगली. विचारलं, “हे काय, आपलंच कालवण?” वहिनी काही बोलल्या नाहीत. दीड भाकरी गेली.

चुकून तिखट जास्त पडलं तर? बटाटा टाकला की तिखट शोषून घेतो, असं म्हणतात. बटाटा रस्सा पितो, तिखट वेगळं काढून पीत नाही, फक्त कालवण वाढल्यामुळे थोडं सौम्य होतं. पाणी ओतलं तर चवही पातळ. त्यापेक्षा वरचं तेल डावानं काढून घ्या, दुसऱ्या दिवशीच्या भाजीला वापरा. मग दाण्याचं कूट किंवा शिजवलेली घोटलेली डाळ घाला. दही घालायचं तर फेटून, आच मंद करून, नाहीतर फाटतं. गूळ सुपारीएवढा, त्याहून जास्त नाही, आणि घरात शुगरचा पेशंट असेल तर गुळाऐवजी डाळच.

सगळ्या घराचं तिखट खाली आणायचं असेल तर एका दिवसात करू नका. बंड होईल. चार चमचे पडत असतील तर या आठवड्यात साडेतीन, पुढच्या आठवड्यात तीन. जीभ हळूहळू सरावते. ज्याला हवं त्याच्यासाठी ठेचा ताटाच्या कडेला ठेवावा. भांडं सगळ्यांचं, ठेचा ज्याचा त्याचा. १४ एप्रिलच्या भोजनदानाच्या मोठ्या पातेल्यांनाही आम्ही हेच सुचवलं होतं. ऐन उन्हाळा, शेकडो माणसं, त्यात म्हातारी आणि लेकरं. पातेलं सौम्य, कडेला चटणीचं ताट. रांधणाऱ्या दादांनी आधी तोंड वाकडं केलं, मग ऐकलं.

सहा महिने पुरे झालेल्या बाळाला घरचं मऊ अन्न सुरू करायचं ते फोडणीचं तिखट आणि मीठ पडण्याआधीच भांड्यातून काढून. वर्षाचं होईपर्यंत वरून मीठ लागत नाही. “तिखटाची सवय लागू दे” म्हणून आजी बोट चाटवते, तेवढं प्रेमानं थांबवा. मूळव्याधीचं मूळ बद्धकोष्ठात असतं. पाणी कमी, भाजी कमी, आणि संडासाला लांब रांग म्हणून दाबून धरणं. मिरचीचा जाळ पूर्ण जिरत नाही, तो खालीही झोंबतो, म्हणून चीर पडलेली असताना तिखट कमी करावं, पण तेवढ्यानं मूळव्याध जात नाही.

आता बीपीची गोष्ट, आणि इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. बीपीच्या माणसाचा शत्रू मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या जेवणाचं मिळून. आमच्या मंडळातल्या एका ताईंनी सासूचं लाल तिखट पूर्ण बंद केलं होतं. चव लागेना म्हणून सासू प्रत्येक जेवणाला पापड, लोणचं आणि वरून मीठ घ्यायच्या. बीपी काही उतरेना. तिखट थोडं परत आणलं, लोणच्याची बरणी कपाटात गेली, तेव्हा सासूबाई निदान वरून मीठ मागायच्या थांबल्या. गोळी अर्थातच चालू आहे आणि चालू राहील.

मीठ लपून येतं. कांदा-लसूण मसाला टिकावा म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं, त्यावर आपण भाजीत पुन्हा घालतो. पाच-दहा रुपयांच्या तयार मसाल्याच्या पुडीमागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. जो घटक जास्त तो आधी, असा नियम आहे. मीठ पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तुम्ही मसाल्याच्या भावानं मीठ विकत घेता आहात. शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

सुटं तिखट घेणाऱ्यांसाठी थोडं. पेलाभर पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरा, ढवळू नका. पाण्यात लाल रेघा सुटत खाली गेल्या तर वरून रंग मिसळलेला आहे. तळाशी खरखरीत गाळ बसला तर वीट-माती. हळदीचं पाणी बसल्यावरही गडद पिवळं राहिलं तर संशय घ्या. ही परीक्षा सगळी भेसळ पकडत नाही, तेलात विरघळणारा रंग पाण्यात दिसत नाही. म्हणून अख्खी मिरची घेऊन समोर कांडून घेणं बरं. आठ-दहा घरांनी मिळून पोतं घेतलं तर भावही पडतो. मिरची देठासकट, वाजणारी कोरडी बघून घ्या. दाबली तर ओलसर, आत काळी-पांढरी बुरशी असेल तर स्वस्त मिळाली तरी नको. बुरशीचं विष भाजून किंवा उन्हात टाकून जात नाही. शेंगदाण्यालाही हेच लागू. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा घालू नका.

भावांचा गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, दुसऱ्यांदा तपासणीही झाली, जखम भरली आहे. अंगदुखीची गोळी सुटली असं म्हणतात, आम्ही अधूनमधून खिसा तपासतो. वजन तीन किलो परत आलं. मार्चच्या शेवटी वहिनी आमच्याबरोबर मिरची बाजारात आल्या. दोन किलो घ्यायची होती. दुकानदारानं नेहमीप्रमाणे लवंगीचं पोतं पुढे ओढलं. त्यांनी दीड किलो ब्याडगी मागितली आणि अर्धा किलो लवंगी. कांडपवाल्यानं तोंडाला रुमाल बांधता बांधता विचारलं, “यंदा कमी तिखट? पाहुणे येणार काय?”

“घरातलेच,” वहिनी म्हणाल्या, आणि मिरच्यांची देठं मोडायला बसल्या.